एका बसमध्ये तीन ‘बस’

संध्याकाळची वेळ, दादरहून सुटलेली बेस्टची बस. एक आजी चढल्या. कडेच्या सीटवरचा कॉलेजचा मुलगा उठायला लागला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून आजी म्हणाल्या, “बैस रे बाळा, मला पुढच्याच स्टॉपला उतरायचंय.” तेवढ्यात कंडक्टर दाराकडे बघून ओरडला, “बस, आता कोणी चढू नका, मागून दुसरी बस येतेय! ओ ताई, मागे जागा झालीय, बसा तिकडे.”

एका दमात तीनदा ‘बस’. कोणाचाही गोंधळ झाला नाही. चढणारे थांबले, ताई मागे जाऊन बसल्या. पण या तीन शब्दांची आपसात काडीचीही ओळख नाही. ते तीन वेगळ्या वाटांनी मराठीत आले आणि इथे एकाच रूपात येऊन भेटले.

गाडीवाली ‘बस’ युरोपातली. १८२०च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात आणि मग पॅरिसमध्ये घोड्यांनी ओढायच्या मोठ्या प्रवासी गाड्या सुरू झाल्या. कोणीही यावं, पैसे द्यावेत आणि बसावं, म्हणून त्यांना नाव मिळालं ‘ओम्निबुस’. हा लॅटिन शब्द; अर्थ ‘सर्वांसाठी’. १८२९मध्ये अशी गाडी लंडनच्या रस्त्यावर आली आणि लोकांच्या तोंडी नावाची फक्त शेपटी उरली, ‘बस’. मुंबईत पहिली मोटारबस धावली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट.

आता त्या शेपटीकडे नीट बघू. ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. पुढचा ‘-बुस’ हा नुसता चतुर्थी बहुवचनाचा प्रत्यय. म्हणजे गाडीला जे नाव उरलं त्यात ‘गाडी’ तर नाहीच, ‘सर्व’सुद्धा नाही, आहे तो फक्त ‘-ना, -साठी’. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘देवाय देवाभ्यां देवेभ्यः’ आठवत असेल. त्यातला ‘भ्यः’ आणि लॅटिनमधला हा ‘बुस’ एकाच कुळातले मानले जातात. ओम्निबुसचं संस्कृत करायचं तर ‘सर्वेभ्यः’ होईल. मला हा भाषाशास्त्रातला सगळ्यात सुंदर योगायोग वाटतो: लाल गाडीला हात दाखवून आपण ज्या नावाने तिला हाक मारतो, तो आपल्याच रूपावलीतल्या प्रत्ययाचा दूरचा भाऊ आहे.

‘पुरे’ या अर्थाचा ‘बस’ फारसीतून आला. त्याचा माग अडीच हजार वर्षं मागे जातो. इराणचा सम्राट दारयवहुश याने बेहिस्तूनच्या कड्यावर इ.स.पू. ५२०च्या सुमारास लेख कोरून घेतला. त्यातल्या प्राचीन फारसीत ‘वसिय्’ असा शब्द आहे, अर्थ ‘पुष्कळ’. तोच झिजत झिजत ‘बस’ झाला. पुष्कळ झालं, म्हणजे पुरे झालं.

राहिलं ‘बसणे’. ते संस्कृतमधल्या ‘उपविशति’वरून आलं. प्राकृतात त्याचं ‘उवइसइ’ झालं. मग सुरुवातीचा ‘उ’ गळाला, जसा ‘अरण्य’चा ‘अ’ गळून ‘रान’ झालं. उरलं ‘बैस’, आणि त्याचंही पुढे ‘बस’ झालं.

तीन शब्द असे एका रूपात कसे काय येतात? कारण उच्चार झिजतात, आणि झिजून आखूड झालेल्या शब्दांना जागा कमी असते. एखाद्या भाषेत ३० व्यंजनं आणि ६ स्वर आहेत असं धरू. व्यंजन-स्वर-व्यंजन या साच्यात जास्तीत जास्त ३० × ६ × ३० म्हणजे ५,४०० रूपं तयार होतात. लोकांना नावं द्यायच्या गोष्टी त्याहून कितीतरी जास्त. त्यात जगात सात हजारांच्या आसपास भाषा आहेत, म्हणजे टक्कर होणारच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या म्बाबरम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणत. इंग्रजीतून घेतला असेल असं कोणालाही वाटेल. पण शेजारच्या एका भाषेत कुत्र्याला ‘गुदागा’ म्हणतात, आणि म्बाबरममध्ये तोच शब्द तिथल्या नियमांनी झिजून ‘डॉग’ झाला. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचंही तेच; अर्थ एक, आवाज जवळपास एक, नातं शून्य.

उलट, त्याच बसचं ‘चाक’ बघा. ‘चाक’ संस्कृत ‘चक्र’वरून आलं, आणि ‘चक्र’ व इंग्रजी ‘व्हील’ हे सख्खे भाऊ. चेहऱ्यात काही म्हणजे काही साम्य नाही. तरी नातं सिद्ध होतं, कारण दोन्हीकडचे ध्वनी ठरावीक नियमांनी बदलत गेले आणि ते नियम इतर शेकडो शब्दांनाही लागू पडतात.

आणखी एक प्रकार आहे, शब्द एकच पण अर्थाची वाट वेगळी. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. मूळ एकच, शिकणं. ‘चांगला धडा शिकवतो’ असं आपण ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात मराठीतली वाट दिसते.

आता राहिला तो डोक्यातला प्रश्न: ऐकणारा गोंधळत का नाही? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा आणि ‘बग’ म्हणजे चोरून ऐकायचं यंत्रही. हा शब्द वाक्यातून ऐकवला आणि त्याच क्षणी पडद्यावर एखादा शब्द दाखवला. वाक्यावरून ‘किडा’ हाच अर्थ स्पष्ट होता, तरी ‘मुंगी’ आणि ‘हेर’ हे दोन्ही शब्द लोकांनी झटकन ओळखले. म्हणजे मेंदूत दोन्ही अर्थ जागे झाले होते. तीनच अक्षरं पुढे जाऊन पाहिलं, तर फक्त संदर्भाचा अर्थ उरला होता. कंडक्टरच्या प्रत्येक ‘बस’ला आपल्या डोक्यातही क्षणभर अशीच गर्दी होत असणार.

त्या बसमध्ये हिंदी बोलणारे ‘बैठो’ म्हणत होते, गुजराती बाई मुलीला ‘बेस’ म्हणत होती. ही ‘बसा’ची खरी भावंडं. ‘बैठ’ आलं ‘उपविष्ट’वरून, म्हणजे त्याच धातूच्या दुसऱ्या रूपावरून. या दोन्ही भाषांनी जपलेला ‘ऐ’ आणि ‘ए’ आपल्या रोजच्या ‘बस’मध्ये दिसत नाही. पण पुढच्या स्टॉपला उतरलेल्या आजींच्या ‘बैस रे बाळा’मध्ये तो अजून स्पष्ट ऐकू येत होता.