उद्योग–स्वयंसेवी संस्था भागीदारी

नफ्यासाठी चालणारी कंपनी आणि ना-नफा तत्त्वावर काम करणारी संस्था यांनी एखादे सामाजिक काम मिळून करणे. देणगीहून ही गोष्ट वेगळी आहे. देणगीत धनादेश दिला की देणारा मोकळा होतो. भागीदारीत दोघांनाही कामात हात घालावा लागतो आणि काम फसले तर दोघांचेही नाव जाते. भारतात अशी संस्था बहुधा सार्वजनिक न्यास, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदलेली संस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे नफा सभासदांत न वाटणारी कंपनी असते. बोलण्यात तिन्हींना ‘एनजीओ’ म्हणतात आणि कंपनीकडून येणाऱ्या पैशाला ‘सीएसआर’ (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी).

अशा भागीदारीचा फायदा विचारला की पहिले उत्तर पैसा हेच येते. जुनी उदाहरणे मात्र वेगळे सांगतात. नदीअंधत्व हा रोग वेगाने वाहणाऱ्या नद्यांच्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माश्यांच्या चाव्यातून पसरतो. त्याच्या भीतीने आफ्रिकेत नदीकाठची सुपीक जमीन सोडून गावे उठून गेली. मर्क या अमेरिकी औषध कंपनीकडे त्यावर आयव्हरमेक्टिन हे औषध होते, पण ज्यांना ते हवे होते त्यांची ते विकत घेण्याची ऐपत नव्हती. १९८७ मध्ये कंपनीने हे औषध लागेल तितके आणि लागेल तोवर मोफत देण्याचे जाहीर केले. औषध फुकट झाले, पण रस्ता नसलेल्या गावात ते नेणार कोण, आणि वर्षानुवर्षे न चुकता देणार कोण? ते काम सरकारी आरोग्य यंत्रणा, स्वयंसेवी संस्था आणि गावाने आपल्यातूनच निवडलेली माणसे यांनी उचलले. वजनकाट्याऐवजी खुणा केलेली काठी वापरली जाई. तिच्याशी उंची ताडून किती गोळ्या द्यायच्या ते ठरे. २०१३ मध्ये कोलंबिया हा या रोगातून मुक्त झालेला पहिला देश ठरला. कंपनीला एकटीने हे साधले नसते, संस्थांनाही नाही.

मॅकडोनाल्ड्स आणि एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड या पर्यावरणवादी संस्थेचा १९९० चा करार तर बिनपैशाचा होता. हॅम्बर्गरच्या फोमच्या डब्यांवरून कंपनीवर टीका होत होती. संस्थेने कंपनीकडून एक डॉलरही घेतला नाही. संस्थेच्या माणसांनी उपाहारगृहात निदान एक दिवस प्रत्यक्ष काम करायचे, असे मात्र ठरले. स्वयंपाकघरात उभे राहिल्याशिवाय कचरा कुठे तयार होतो ते कळत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कंपनीने ते डबे बंद करण्याचे जाहीर केले. पैसे न घेतल्यामुळे संस्थेचा टीका करण्याचा हक्क शाबूत राहिला, हे या कराराचे खरे मर्म.

याच्या दुसऱ्या टोकाला जाहिरातीशी जोडलेली भागीदारी येते. अमेरिकन एक्सप्रेस या क्रेडिट कार्ड कंपनीने १९८३ मध्ये कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीला दिला. १७ लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही वाढला. यात लबाडी काही नाही, फक्त पुतळ्याइतका देखणा विषय प्रत्येक संस्थेकडे नसतो. मनोरुग्णांच्या किंवा कैद्यांच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांना असा भागीदार क्वचितच मिळतो.

महाराष्ट्रात ही कल्पना सीएसआर सक्तीचा कायदा येण्याआधीपासून रुजलेली आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने १९९१ मध्ये कमिन्स या इंजिने बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने पुण्यात मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. महाविद्यालय कर्वेनगरला, डिझेल इंजिनांचा कारखाना शेजारच्या कोथरूडला. संस्थेकडे मुलींच्या शिक्षणाचा जवळजवळ शतकाचा अनुभव होता, मुलगी घराबाहेर ठेवायला आईबाप तयार होतील असे नाव होते. ते कोणत्याही कंपनीला विकत घेता आले नसते. दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने २००६ मध्ये एचएसबीसी बँकेच्या मदतीने ग्रामीण बायकांसाठी उद्योजकता शाळा सुरू केली. पुढे शाळाच बसमध्ये बसवून गावोगाव नेली, कारण शिकायला यायचे तर बाईचा दिवसाचा रोजगार बुडतो.

चित्र पालटले ते कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने. १ एप्रिल २०१४ पासून, ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या, म्हणजे शिक्षण, आरोग्य, पर्यावरण अशा ठरवून दिलेल्या कामांवर खर्च करायची असते. केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च किंवा राजकीय पक्षाला दिलेली देणगी यात धरत नाहीत. २०२१ पासून असे काम घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

फायदा उघड आहे: पूर्वी मालकाच्या मर्जीवर मिळणारा पैसा आता नियमाने मिळू लागला. पण कायदा मोजतो तो फक्त खर्च. वस्तुरूप मदतीची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, कर्मचाऱ्याने संस्थेला दिलेल्या वेळेचेही तसेच. म्हणजे कंपनीच्या अभियंत्याने संस्थेला आठवडाभर बसून साठा-नोंदीची पद्धत लावून दिली, तर संस्थेची वर्षभराची डोकेदुखी जाते आणि कायद्याच्या वहीत शून्य पडते.

एक गैरसमजही घट्ट बसला आहे. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, प्रकल्प राबवण्याच्या खर्चाला नाही. प्रत्यक्षात ती अनेकदा संस्थेच्या अंदाजपत्रकावर लावली जाते. सौरदिवे द्यायला सगळे तयार असतात. दिवे लावून देणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार आणि हिशेबनिसाचा मेहनताना मात्र ‘ओव्हरहेड’, म्हणजे प्रशासकीय खर्च ठरतो. त्यात पैसा पोचतो वर्षाच्या शेवटी. मार्चअखेर खर्च दाखवण्याची घाई आणि त्यापाठोपाठ उपयोगिता प्रमाणपत्राचा (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याचा) तगादा संस्थांच्या अंगवळणी पडला आहे. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढील तीन वर्षांत वापरण्याची सोय २०२१ मध्ये झाली, तेव्हा बहुवर्षीय कामांना थोडी उसंत मिळाली.

कंपनीच्या कार्यक्षेत्राजवळच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो, त्यामुळे पैसा कारखान्यांच्या आसपास साचतो. सीएसआर खर्चात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे, पण ज्या तालुक्यात कारखानाच नाही तिथल्या संस्थेला त्या आघाडीचा उपयोग नसतो.

करारात सहसा दुर्लक्षित राहते ते निरोपाचे कलम, म्हणजे भागीदारी संपल्यावर काय, हे ठरवणारे. सीएसआर निधीतून उभी राहिलेली वास्तू किंवा यंत्रसामग्री कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही; ती संस्थेच्या, लाभार्थींच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीची होते. प्रकल्पाची मुदत संपल्यावर वीजबिल, दुरुस्ती आणि रखवालदाराचा पगारही या नव्या मालकाकडेच राहतात, कंपनीकडे नाही.