मदतनिधीचा वॉक आणि ‘समावेशन’ : पार्श्वभूमी

मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी, जानेवारीतल्या रविवारी पहाटे सीएसएमटीसमोर जी गर्दी जमते, तिच्यातल्या बहुतेकांना 42 किलोमीटर धावायचेच नसते. ते ‘ड्रीम रन’वाले. अंतर सहा किलोमीटरच्या आसपास, वेळेची नोंद नाही, आणि नावात ‘रन’ असले तरी बरेचजण गप्पा मारत चालतात. मुंबईत हे 2004 च्या फेब्रुवारीत सुरू झाले. छातीवर बिब (क्रमांकाचा कागद), संस्थेचे नाव छापलेला टी-शर्ट, हातात फलक आणि ओळखीपाळखीच्यांकडून गोळा केलेला निधी हा साचा आता मतिमंद मुलांच्या शाळांपासून गृहसंकुलांपर्यंत सगळ्यांच्या परिचयाचा आहे.

चालणे आणि दान, दोन्ही आपल्याकडे जुने. पण वारीत भाकरी, पाणी, रात्रीचा आसरा हे सगळे चालणाऱ्याच्या वाट्याला येते. चालणाऱ्याने पैसे जमवून तिसऱ्याच कुणाला द्यायचे, ही रीत अमेरिकेत 1969-70 च्या सुमारास रुळली. अपंग व्यक्ती आपल्याकडे रस्त्यावर उतरल्या त्या मात्र वर्गणीसाठी नव्हे. 1995 च्या डिसेंबरात दिल्लीत त्यांनी निदर्शने केली आणि त्याच महिन्यात संसदेने अपंगांच्या हक्कांचा पहिला सर्वंकष कायदा मंजूर केला. आजच्या वॉकच्या फलकांवर हा इतिहास क्वचितच दिसतो.

खरा गुंता आहे तो ‘समावेशन’ या शब्दाचा. मुंबईच्या या उपक्रमात अपंग स्पर्धकांसाठी वेगळी, बरीच आखूड शर्यत ठेवली जाते. आयोजकांची बाजू समजण्यासारखी आहे. हजारो लोक एकदम सुटले की व्हीलचेअरला धक्का लागतो, मदतनीस मागे राहतो. तरीही जो कार्यक्रम ‘सर्वांना सोबत घेऊन’ म्हणून मांडला जातो, त्यात ज्यांना सोबत घ्यायचे त्यांनाच वेगळी वेळ आणि वेगळे अंतर देणे याला समावेशन म्हणायचे का, हा आक्षेप उरतोच. शिक्षणक्षेत्रात हा वाद पूर्वीच होऊन गेला. 1974 ची केंद्राची योजना ‘एकात्म शिक्षणा’ची होती: मूल नेहमीच्या शाळेत येईल, पण शाळेशी जुळवून घ्यायचे ते मुलाने. 1994 मध्ये स्पेनमधल्या सालामांका येथील परिषदेने हे उलटे केले. जुळवून घेण्याची जबाबदारी शाळेवर टाकली. मराठीत त्यानंतर ‘समावेशित’, ‘समावेशक’, ‘सर्वसमावेशक’ असे शब्द आले आणि ‘एकात्म’ मागे पडला, पण अर्थ किती बदलला हे शब्दांवरून कळत नाही. त्या कसोटीवर वेगळी शर्यत एकात्मसुद्धा ठरत नाही. मार्ग, उतार, सुटण्याचा क्रम, स्वच्छतागृहे हे सगळे आधी चालणाऱ्यांच्या सोयीने ठरते आणि मग उरलेल्यांसाठी कोपरा काढला जातो.

अर्थात दुसरी बाजूही आहे, आणि ती 2016 च्या कायद्याने ठळक केली. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. नव्या कायद्यात ते 21 झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. फलकावर अजूनही व्हीलचेअरचेच चित्र असते. पण स्वमग्न मुलाला अडचण उताराची नसते. सुरुवातीच्या ढोल-ताशाची आणि निवेदकाच्या माइकची असू शकते. त्याच्यासाठी शांत, वेगळी वेळ ही गरजेची सोय ठरते. तेव्हा वेगळेपणा वाईट की चांगला, हे सरसकट सांगता येत नाही. निवड कोणाची, एवढे मात्र विचारता येते. ते विचारलेले मला फारसे दिसले नाही.

आता पैसा. लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क 18 व्या वर्षापर्यंतच. पुढे कर्मशाळा, बेकरी नाहीतर कागदी पिशव्यांचे प्रशिक्षण, खेळ, आणि बहुतेकदा घरच. म्हणून अशा वॉकचा निधी तरुणांच्या उपक्रमांकडे वळतो.

कंपन्यांच्या सहभागाला 2014 नंतर वळण लागले. त्या वर्षी एप्रिलपासून ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चणे लागू झाले. त्यात विशेष शिक्षण आणि अपंगांचे रोजगार-कौशल्य ही कामे नावानिशी आहेत. पण 18 जून 2014 च्या केंद्रीय परिपत्रकाने मॅरेथॉनसारख्या एकेकट्या कार्यक्रमांवरचा खर्च, तोही नाव घेऊन, यातून वगळला. म्हणजे कंपनीने संस्थेच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाला दिलेला पैसा हिशेबात धरला जातो, वॉकच्या मांडवाचा आणि टी-शर्टचा नाही. निर्णय योग्यच होता असे मला वाटते. छोट्या संस्थांची मात्र अडचण झाली, कारण त्यांना देणगीदार भेटतो तो मांडवातच.

कोविडमुळे मुंबईची शर्यत 2021 आणि 2022 मध्ये झाली नाही. जानेवारी 2023 मध्ये ती परतली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून प्राप्तिकराची नवी प्रणाली आपोआप लागू होणारा मूळ पर्याय ठरली, आणि तीत देणगीवरची वजावट (1961 च्या कायद्यातले कलम 80जी) मिळत नाही. निधीसाठी ऑफिसात वही फिरवणाऱ्याला आता ‘पावतीवर सूट आहे’ हे पूर्वीसारखे बिनधास्त सांगता येत नाही.