आलेखावरचा टोकदार सुळका

साठी ओलांडलेल्या माणसाच्या पायांना मुंग्या येतात किंवा रक्तातले एकूण प्रोटीन जरा जास्त निघते. डॉक्टर 'सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस' ही रक्तातली प्रथिने वेगवेगळी करून दाखवणारी तपासणी लिहून देतात आणि रिपोर्टवर शेरा येतो : एम बँड आढळला. मुलगा मोबाइलवर शोधतो, तर पहिल्याच ओळीत मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतला कॅन्सर! त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही.

त्या रिपोर्टवरचा आलेख नीट बघा. डावीकडचा उंच सुळका अल्ब्युमिनचा. तो सगळ्यांचाच असतो. उजव्या टोकाला प्रतिपिंडे येतात, आणि तिथे एरवी बुटका, पसरट उंचवटा असतो. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींची असंख्य कुळे असतात, प्रत्येकाचे प्रतिपिंड थोडे वेगळे, म्हणून रेघ पसरते. त्यातले एकच कूळ बेसुमार वाढले, की त्याची एकसारखी प्रतिपिंडे एकाच जागी गोळा होतात आणि अरुंद सुळका उभा राहतो. तोच एम बँड.

एम बँडचे हे प्रथिन रक्तात डेसिलिटरमागे ३ ग्रॅमपेक्षा कमी, मज्जेत अशा प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांहून कमी, आणि हिमोग्लोबिन, कॅल्शियम, मूत्रपिंडे, हाडे शाबूत असतील, तर बहुतेक वेळा ती अवस्था 'एमजीयूएस' (मोनोक्लोनल गॅमोपथी ऑफ अनडिटरमाइन्ड सिग्निफिकन्स, म्हणजे एकाच कुळाच्या प्रतिपिंडांची, नेमका अर्थ न ठरलेली वाढ) असते. तो कॅन्सर नव्हे. पूर्वी तिला सरळ निरुपद्रवी म्हणत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा काहींना पुढे मायलोमा झालेला दिसला. १९७८ मध्ये त्यांनी हे नवे नाव रूढ केले. धोका वर्षाला साधारण १ टक्का, पण वर्षे उलटली म्हणून तो संपत नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पन्नाशीपुढच्या सुमारे ३ टक्के लोकांत ही अवस्था सापडली. बहुतेकांना तिचा कधीच त्रास होत नाही.

मग निरोगी माणसांनीही ही तपासणी करून घ्यावी का? माझ्या मते, आज तरी नको. हाती पडते ती बहुधा काळजीच. याचाच छडा लावण्यासाठी आइसलँडमध्ये चाळिशीपुढच्या ८० हजारांहून अधिक लोकांना एका अभ्यासात सामील करून घेतले आहे.

ज्यांच्या रिपोर्टवर तो शेरा आलाच आहे, त्यांना सहसा औषध लागत नाही. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचे, मग रक्तविकारतज्ज्ञ सांगतील त्या अंतराने. मधल्या काळात पाठीचे नवे दुखणे, न जाणारा थकवा किंवा वरचेवर न्यूमोनिया झाला, तर वयाचे दुखणे म्हणून बाम चोळत बसू नका. तारखेची वाट न बघता जुना रिपोर्ट घेऊन दवाखाना गाठा.