नापास झालेल्या मुलाजवळ बसणारी सिस्टर

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून नागपुरात शिकायला आलेलं पोर पेपर राहिला की आधी सांगतं ते डोकं दुखतंय, झोप नाही, जेवण जात नाही. निकालाची गोष्ट मागून निघते. अशा वेळी मानसोपचाराचं शिक्षण घेतलेली सिस्टर निकालाला हातच लावत नाही. 'रात्री किती वाजता झोप लागली? सकाळपासून काय खाल्लं?' इथून ती सुरुवात करते. ही रीत घडायला बराच काळ गेला.

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. इंग्रजी अमदानीतल्या अशा ठिकाणी पहारा आणि कुलूप यांनाच महत्त्व होतं. 'पागलखाना' हा शब्द तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसला, आणि त्याच धास्तीने आजही आईवडील मुलाला दाखवायला नेत नाहीत. सर्वाधिक नुकसान या धास्तीने केलं आहे, असं मला वाटतं.

वळण आलं ते अमेरिकेतल्या हिल्डेगार्ड पेप्लाउ या परिचारिकेमुळे. रुग्ण आणि नर्स यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग, हे मांडणारं तिचं पुस्तक १९४८ मध्ये लिहून तयार होतं. पण सहलेखक म्हणून डॉक्टरचं नाव नसताना नर्सने पुस्तक काढणं तेव्हा फारच धाडसाचं वाटलं, त्यामुळे ते छापून यायला १९५२ उजाडलं. तिने चिंतेच्या चार पायऱ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि घबराट. सौम्य चिंतेत मूल उलट चांगलं शिकतं. तीव्र चिंतेत मात्र त्याचं लक्ष एकाच गोष्टीवर अडकतं, समजावलेलं डोक्यात शिरत नाही. म्हणून त्या वेळी उपदेश नको. जवळ बसायचं, आवाज खाली ठेवायचा, वाक्यं छोटी ठेवायची. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हेही सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. मन थाऱ्यावर आलं की मग वेळापत्रक, राहिलेला विषय, घरी कसं सांगायचं ते.

१९८४ मध्ये लॅझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक धागा जोडला: ताण प्रसंगाइतकाच आपण त्याचा काय अर्थ लावतो यावर ठरतो. 'एक विषय राहिला' आणि 'सगळं संपलं' यांतलं अंतर मुलाला दाखवून देणं हे नर्सिंगच्या आराखड्यातलं खरं काम.

आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिच्या काळजीची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२२ पासून १४४१६ या नंबरवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत मदत मिळते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक ठेवायला सांगितलं. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. नागपुरातल्या छोट्या शिकवण्यांनी ही जोडणी पुढच्या निकालाच्या आधी करायला हवी, आणि त्यात मानसोपचाराचं शिक्षण घेतलेल्या सिस्टरांना जागा हवी.