जंगल कमी होणं वेगळं, जंगलाचे तुकडे पडणं वेगळं

रस्ता, कालवा, रेल्वेमार्ग, खाण यांपैकी काहीही नागपूरच्या आसपास येऊ घातलं की चर्चा एका आकड्यावर येऊन थांबते: किती हेक्टर जंगल जाणार? आकडा लहान निघाला की प्रकल्पवाले निर्धास्त होतात, मोठा निघाला की विरोधकांना मुद्दा सापडतो. दोघांचीही गल्लत एकच आहे. वन्यप्राण्यांचा अधिवास घटणं आणि अधिवासाचे तुकडे पडणं ही दोन वेगळी नुकसानं आहेत. पहिलं हेक्टरात मोजता येतं. दुसरं हेक्टरात मोजायला गेलं की दिसेनासंच होतं.

घट सगळ्यांना समजते, म्हणून ती थोडक्यात. पेंच नदीवर तोतलाडोहचं धरण झालं तेव्हा खोऱ्यातलं जंगल पाण्याखाली गेलं. उमरेडकडे कोळशाच्या खुल्या खाणी झाल्या. शहराच्या कडेने वावरं आणि झुडपं मोडून लेआउट पडत गेले. जेवढी जमीन गेली तेवढा चारा, पाणी आणि लपण गेलं.

खरी गफलत तुकड्यांपाशी होते. 4 किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा जंगलाचा चौकोन घ्या. क्षेत्र झालं 16 चौरस किलोमीटर, म्हणजे 1,600 हेक्टर. कडेपासून अर्धा किलोमीटर आतपर्यंत गुरं, गावची कुत्री, सरपण आणि मोहफुलं वेचणारी माणसं, दिवे आणि आवाज पोचतात असं धरलं, तर निवांत गाभा उरतो 3 बाय 3, म्हणजे 9 चौरस किलोमीटर. आता मधोमध एक उभा आणि एक आडवा रस्ता काढा, प्रत्येकी 60 मीटर रुंद. जंगल गेलं साधारण 48 हेक्टर, एकूण क्षेत्राच्या फक्त 3 टक्के. पण चार तुकडे झाले, प्रत्येकाला नव्या कडा आल्या, आणि चारही तुकड्यांचा गाभा मिळून 4 चौरस किलोमीटरही भरत नाही. कागदावर 3 टक्के गेले. निवांत जागा निम्म्याहून जास्त गेली.

ही झाली कडेची गोष्ट. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका तुकड्यातला प्राणी दुसऱ्यात पोचतो की नाही. पिल्लं देणाऱ्या 20 वाघिणी टिकायच्या तर 800 ते 1,200 चौरस किलोमीटरचा गाभा लागतो, असा व्याघ्र प्रकल्पांचा दंडक आहे. आपल्या शेजारच्या बोर व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र 138 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे बोर स्वतःच्या बळावर वाघ टिकवू शकत नाही. पेंच, मेळघाट, ताडोबा या बाजूंनी ये-जा सुरू असेल तरच तो व्याघ्र प्रकल्प. दीड-दोन वर्षांचा नर वाघ आईच्या मुलखातून बाहेर पडतोच. 2013 साली ‘जय’ नावाचा वाघ नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला तो राष्ट्रीय महामार्ग 53, वैनगंगा आणि मधली शेतशिवारं ओलांडून. असा वाघ रात्री धानाच्या बांधावरून चालतो, नाल्याच्या काठाने सरकतो, दिवसा झुडपात पडून राहतो. अशा वाघाबद्दल ‘वाघ गावात घुसला’ अशी बातमी छापू नये. तो त्याच्या भ्रमणमार्गावर असतो. गाव त्या मार्गाच्या कडेला आहे.

तुकडा कशाने पडतो हे प्राण्यावर ठरतं. रोही, म्हणजे नीलगाय, चौपदरी रस्ताही ओलांडायला जाते आणि गाडीखाली येते. शेकरू झाडावरूनच फिरतं, त्यामुळे दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना टेकेनाशा झाल्या की तिथेच त्याची वाट संपते. त्याला रस्त्याखालचा मार्ग कितीही चांगला बांधून दिला तरी निरुपयोगी. वरून दोरांचा पूल हवा.

उपाय होतात, आणि नीट केले तर चालतातही. नागपूर-जबलपूर रस्ता, पूर्वीचा महामार्ग 7 आणि आताचा 44, मनसरच्या पुढे देवलापारवरून खवासाकडे जाताना पेंचचं जंगल कापतो. चौपदरीकरणात महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सुमारे 16 किलोमीटरच्या पट्ट्यात 9 ठिकाणी प्राण्यांना खालून जायला जागा ठेवली. सर्वांत अरुंद 50 मीटर, सर्वांत रुंद 750 मीटर. भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा 18 जातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले. त्यात 11 वाघ होते आणि ते मिळून 89 वेळा गेले.

याचा अर्थ कुठलीही मोरी बांधून ‘अंडरपास दिला’ म्हणता येईल असा नाही. मोकळेपणा मोजायचं सूत्र सोपं आहे: रुंदी गुणिले उंची, भागिले प्राण्याला रस्त्याखालून कापावं लागणारं अंतर. 100 मीटर रुंद, 5 मीटर उंच आणि 25 मीटर अंतर असेल तर उत्तर 20 येतं. 2 बाय 2 मीटरच्या मोरीचं, तेवढ्याच अंतराला, 0.16. त्या मोरीतून मुंगूस, उदमांजर, साळिंदर जाईल. चितळांचा कळप अंधाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी थबकून परत फिरेल.

चांगला अंडरपासही नंतर बिघडतो. खालून बैलगाडीचा आणि मग दुचाकींचा रस्ता पडतो, पावसाळ्यात पाणी तुंबतं, कोणीतरी दिवा लावतं. सर्वांत वाईट म्हणजे दोन्ही तोंडांपुढची खासगी जमीन कोणी राखून ठेवत नाही; तिथे रिसॉर्टचं जाळीचं कुंपण आलं की कोट्यवधींचा अंडरपास भिंतीवर जाऊन उघडतो. म्हणून आराखडा बघताना पुलाच्या चित्रात रमू नका, दोन्हीकडच्या एकेक किलोमीटरचे गट नंबर बघा. नुसत्या जाळीबद्दलही तेच. जाळीने गाडीखाली मरणारे प्राणी वाचतात, पण ओलांडायला जागा न देता लावलेली जाळी तुकडा कायमचा पक्का करते.

कालव्याकडे तर फारसं कोणी बघतच नाही, आणि मला रस्त्यापेक्षा कालवा जास्त घातक वाटतो. गोसीखुर्दचा उजवा कालवा उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा यांच्या मधल्या मुलखातून जातो. काँक्रीटच्या उतरत्या भिंतींवर शेवाळ धरतं, खूर टिकत नाही, आत पडलेला प्राणी भिंतीला घासत प्रवाहाबरोबर वाहत जातो. म्हणून प्राण्याला बाहेर चढायला खरबरीत उतार दोन्ही काठांना आणि ठरावीक अंतराने लागतात. एकाच जागी केलेला उतार त्याला सापडेलच असं नाही. आणि उतार फक्त जीव वाचवतो, पलीकडे नेत नाही. त्यासाठी माती आणि गवत टाकलेले रुंद पूल किंवा झाकलेला कालवाच हवा.

भरपाईच्या वृक्षलागवडीवर माझा सर्वांत मोठा आक्षेप इथेच आहे. वन संवर्धन कायदा, 1980 नुसार वळवलेल्या वनजमिनीच्या बदल्यात वनेतर जमिनीवर तेवढ्याच क्षेत्राची, किंवा काही प्रकरणांत उतरत्या दर्जाच्या जंगलात दुप्पट क्षेत्राची लागवड होते. हे घटीवरचं औषध. पेंच आणि नागझिरा यांच्यामधली 200 मीटरची चिंचोळी जागा गेली आणि दुसऱ्या तालुक्यात दुप्पट रोपं लावली, तर हेक्टरांचा हिशेब जुळतो, वाट बंदच राहते. उलट खाणीत गेलेल्या जमिनीला अंडरपास देऊन काही उपयोग नाही. कुठलं नुकसान समोर आहे हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: एवढीच जमीन दुसरीकडे मिळाली तर प्राण्याचं भागेल का? भागत असेल तर ती घट. नसेल तर वाट तुटली आहे.

विदर्भात या वाटा बऱ्याच ठिकाणी झुडपी जंगलातून, म्हणजे महसुली दप्तरात त्या नावाने नोंदलेल्या झुडपांच्या जमिनीतून, जातात. त्याला पडीक म्हणणं थांबवावं. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे कायद्याने जंगलच असल्याचा निकाल दिला. दोन मोठ्या जंगलांच्या मध्ये असलेला 5 हेक्टरचा झुडपी तुकडा क्षेत्राच्या यादीत शेवटी येतो, पण रात्रभर चाललेल्या वाघाला किंवा अस्वलाला दिवस काढायला तीच जागा असते. अशा तुकड्यावर प्रकल्प आला तर हरकतीत नुसते हेक्टर लिहू नका. तो कुठल्या दोन जंगलांना जोडतो, सर्वांत अरुंद जागी किती मीटर उरतो, पुढची झाडी किती अंतरावर आहे आणि तिथे कुठल्या प्राण्याचे पगमार्क किंवा विष्ठा तारखेसह नोंदलेली आहे, हे लिहा. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 साली आलेल्या कलम 38-ओ मध्ये संरक्षित क्षेत्रांना आणि व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या जागांचा उल्लेख आहे. त्याचा आधार घ्यायचा तर जोड दाखवावा लागतो, क्षेत्रफळ नाही.