आठव्या महिन्यातला ईएसआर आणि रिपोर्टवरचा ठळक आकडा

आठवा महिना लागलेल्या सुनेचा रिपोर्ट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो. ईएसआर ५५, ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. लगेच कुणाला टीबी आठवतो, कुणी ‘सगळं पॅकेजच करून घ्या’ म्हणतं. पण कागदावर छापलेली नॉर्मल मर्यादा बहुधा गरोदर नसलेल्या बाईची असते. शेवटच्या महिन्यांत ५५ चा ईएसआर अगदी ठणठणीत बाईचाही असू शकतो.

उभ्या नळीत रक्त ठेवलं, तर तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, तो हा आकडा. या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात आणि सुट्या सुट्या, सावकाश उतरतात. रक्तात फायब्रिनोजेन हे लांबट प्रथिन वाढलं की ते पेशींना सांधत जातं, भाराचं लोटणं अपुरं पडतं आणि पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकीवर एक चिकटतात. आता स्टोक्सचा नियम आठवा. द्रवात बुडणाऱ्या गोळ्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: त्रिज्या दुप्पट, वेग चौपट. चवड काही गोळा नव्हे, पण ढोबळ हिशेब तोच. आठ पेशी एकत्र आल्या की त्या एकटीपेक्षा कितीतरी भराभर तळ गाठतात.

बाळंतपणात रक्तस्राव लवकर थांबावा, म्हणून गरोदरपणात यकृत फायब्रिनोजेन वाढवतंच. एरवी डेसिलिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम असणारं हे प्रथिन शेवटी ४०० ते ६०० पर्यंत जातं. त्यात रक्त कमी असेल, आणि आपल्याकडे ते अनेकींना असतं, तर ईएसआर आणखी चढतो. गंमत म्हणजे १९१८ साली स्वीडनच्या रॉबिन फोरेयस या डॉक्टरांचं या चाचणीकडे लक्ष गेलं ते गरोदर बायकांच्या रक्तामुळेच. हिच्यावरून दिवस गेलेत का ते ओळखता येईल, असं त्यांना वाटलं होतं!

पांढऱ्या पेशींचंही तसंच. गरोदरपणात त्या १५ हजारांपर्यंत, ऐन कळांमध्ये २० हजारांच्या वरही जाऊ शकतात, तेही जंतुसंसर्ग नसताना. बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तरी त्या वाढतात. सिझेरियननंतर सीआरपी, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, चढतो, कारण शस्त्रक्रियेची जखमही दाहच निर्माण करते.

खरी पंचाईत पुढे आहे. प्री-एक्लॅम्प्सियात, म्हणजे २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाऊन लघवीत प्रथिनं किंवा यकृत-मूत्रपिंडाला त्रास, अशा आजारात, वारेला रक्त अपुरं पडतं. तिचे सूक्ष्म कण आईच्या रक्तात सुटतात आणि आईच्या पांढऱ्या पेशी खवळतात. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयवच निकामी होऊ लागतात तेव्हा, त्या जंतूंमुळे खवळतात. सीआरपी दोन्हीकडे वाढू शकतो, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचं गुणोत्तरही, आणि प्लेटलेट दोन्हीकडे घसरू शकतात. दाहाचे हे आकडे भडका किती ते सांगतात, काडी कुणी टाकली ते नाही. रक्तदाब प्री-एक्लॅम्प्सियात चढतो, सेप्सिसमध्ये पडतो, हे खरं; पण वरचा रक्तदाब १६०वर असलेल्या बाईला सेप्सिस झाला, तर वाटेत ११० चा आकडा उगाच दिलासा देऊन जातो.

वारेकडे थेट बोट दाखवणारी चाचणी वेगळी आहे. आजारी वार एसफ्लिट-१ हे प्रथिन जास्त सोडते. ते रक्तवाहिन्या धडधाकट ठेवणाऱ्या पीएलजीएफ या प्रथिनाला पकडून निकामी करतं. एसफ्लिट-१ला पीएलजीएफने भागून येणारं गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या आठवडाभरात प्री-एक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फार थोडी. जास्त आलं म्हणजे आजार झालाच, असं मात्र नाही.

यातलं काहीच तपासायची सोय नसली तरी डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, किंवा बाळंतिणीला ताप आणि धाप, एवढ्यावर दवाखाना गाठावा. प्री-एक्लॅम्प्सियात झटके आले की बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावण्यात जातो तो वेळ झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा असतो. आणि हे झटके बाळंतपणानंतर, बाई घरी गेल्यावरही येऊ शकतात.