राष्ट्रपती भवन

भारताच्या राष्ट्रपतींचे अधिकृत निवासस्थान. नवी दिल्लीतील रायसीना टेकडीवरची ही ३४० खोल्यांची वास्तू ब्रिटिश व्हाइसरॉयसाठी बांधली गेली.

डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज यांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली. त्यापायी रायसीना व मालचा या गावांची जमीन सरकारने ताब्यात घेतली. प्रासादाच्या वैभवाची वर्णने पुष्कळ सापडतात. उठवलेल्या या गावांची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. मालच्याच्या वंशजांना मोबदल्यासाठी अनेक दशकांनंतरही न्यायालयात दाद मागावी लागली.

आराखडा एडविन लट्येन्स यांचा. घुमटाभोवतीचा कठडा सांचीच्या स्तूपावरून घेतलेला आहे. शेजारच्या सचिवालयांचे वास्तुकार हर्बर्ट बेकर यांच्याशी लट्येन्स यांचे रस्त्याच्या चढावरून बिनसले, कारण टेकडी चढताना मुख्य इमारत मध्येच दृष्टीआड होते.

बांधकाम १९२९ मध्ये पुरे झाले आणि लॉर्ड आयर्विन पहिले रहिवासी ठरले. साम्राज्य कायमचे टिकणार या विश्वासाने उभारलेल्या प्रासादात व्हाइसरॉय राहिले ते जेमतेम १८ वर्षे. फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या राजधानीचे उद्घाटन झाले. त्याच महिन्यात गांधीजी आयर्विन यांच्याशी वाटाघाटी करायला येथे आले. त्यांचे या पायऱ्या चढणे विन्स्टन चर्चिल यांना इतके झोंबले की त्यांनी जाहीर भाषणात त्यावर आगपाखड केली.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दरबार हॉलमध्ये स्वतंत्र भारताच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. एवढ्या महालाचे आता करायचे काय? तेथे रुग्णालय व्हावे, असे गांधीजींचे मत होते. ते घडले नाही. पण १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल झालेल्या चक्रवर्ती राजगोपालाचारी यांना व्हाइसरॉयच्या दालनांतला थाट मानवेना. त्यांनी पाहुण्यांसाठीच्या मोजक्या खोल्यांत बिऱ्हाड थाटले आणि अन्नटंचाईच्या काळात आवारात गहू पिकवला. पुढील राष्ट्रपतींनीही त्यांचाच पायंडा पाळला. व्हाइसरॉयची जुनी दालने आता परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या मुक्कामासाठी आहेत. या वास्तूच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच, आणि त्यासाठी एक भिंतही पाडावी लागली नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी राजेंद्र प्रसाद यांनी दरबार हॉलमध्येच राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली व वास्तूला आजचे नाव मिळाले. व्हाइसरॉयच्या सिंहासनाच्या जागी राष्ट्रपतींची खुर्ची आली. तिच्यामागे गुप्तकालीन बुद्धमूर्ती आहे. नामांतरे त्यानंतरही झाली: २०२३ मध्ये मुघल गार्डनचे अमृत उद्यान, तर २०२४ मध्ये दरबार हॉलचे गणतंत्र मंडप.